हिरवी चेटकीण आणि तिचे शेजारी

१९७५ साली ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ या अमेरिकन बालकार्यक्रमात मार्गारेट हॅमिल्टन नावाच्या, सत्तरी ओलांडलेल्या अभिनेत्री पाहुण्या म्हणून आल्या. रोजच्या साध्या कपड्यांत बसून त्यांनी आधी गप्पा मारल्या, मग कॅमेऱ्यासमोरच एकेक करून काळा घागरा, झगा आणि टोकदार टोपी अंगावर चढवली, आणि १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातल्या दुष्ट चेटकिणीचे ते प्रसिद्ध किंचाळते हसू हसून दाखवले. आपल्याला घाबरणाऱ्या मुलांना हे सारे सोंग आहे आणि त्या कपड्यांच्या आत एक साधी आजी आहे एवढे कळावे, हा त्यामागचा हेतू होता. अभिनयाकडे वळण्यापूर्वी हॅमिल्टनबाई बालवाडीच्या शिक्षिका होत्या, हे त्यांचे बोलणे ऐकताना सहज पटते. पण पुढच्याच वर्षी त्या ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये पुन्हा त्याच वेषात आल्या, तेव्हा मुले घाबरल्याच्या तक्रारी पालकांनी इतक्या केल्या की तो भाग दूरचित्रवाणीवर पुन्हा दाखवण्यात आला नाही. चित्रपट येऊन तेव्हा जवळजवळ चार दशके झाली होती, आणि त्यातल्या चेटकिणीचे पडद्यावरचे काम सारे मिळून जेमतेम काही मिनिटांचे आहे.

या सोंगातली सगळ्यांत ठळक गोष्ट म्हणजे तिचा हिरवा रंग, आणि तो मूळ कथेत नाही. एल. फ्रँक बॉम यांनी १९०० साली लिहिलेल्या पुस्तकात पश्चिमेची चेटकीण एकाच डोळ्याची आहे, तिच्या हातात छत्री आहे, पण तिच्या कातडीच्या रंगाविषयी कुठे काही लिहिलेले नाही. टेक्निकलर हे रंगीत चित्रीकरणाचे त्या काळी नवलाईचे आणि महागडे तंत्र होते. पुस्तकातले चंदेरी बूट पडद्यावर माणकासारखे लाल झाले आणि चेटकीण हिरवी झाली, ती रंगांचा पुरेपूर उपयोग करून घेण्याच्या या हौसेपायीच. त्या हिरव्या रंगलेपात तांबे होते. डिसेंबर १९३८ मध्ये धूर आणि ज्वाळांतून अदृश्य होण्याचा प्रसंग चित्रित करताना जमिनीतली सरकती फळी खाली जाण्याआधीच आग पेटली, हॅमिल्टनबाईंचा चेहरा आणि हात भाजले, आणि तो विषारी रंग भाजलेल्या कातडीवरून तातडीने पुसून काढावा लागला. काही आठवड्यांनी त्या परत आल्या त्या एकाच अटीवर, की आता आगीचे कोणतेही दृश्य आपण करणार नाही. चेटकिणीचे सोंग घेतलेल्या बाईलाही भाजून निघावे लागले, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. त्याला योगायोगापलीकडे काही म्हणण्याचा मोह मात्र मी टाळतो.

त्याच चित्रपटात भल्या चेटकिणीच्या, म्हणजे ग्लिंडाच्या, तोंडी एक वाक्य आहे. कुरूप असतात त्या फक्त दुष्ट चेटकिणी, असे ती चित्रपटाची नायिका असलेल्या डोरोथी या मुलीला समजावून सांगते. पटकथेत ते विनोदासाठी घातलेले असावे, पण पुढल्या कित्येक दशकांच्या चित्रपटांचे ते घटनाकलमच ठरले. त्याआधी दोनच वर्षे, १९३७ साली, डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मधली देखणी राणी कपट साधण्यासाठी रसायन पिऊन म्हातारी होते: वाकलेली पाठ, नाकावर चामखीळ, तोंडात एकच दात. विषारी सफरचंद एखाद्या तरुण फेरीवालीनेही नेऊन दिले असते, पण दुष्टपणा प्रेक्षकाला दिसावा यासाठी म्हातारपणच हवे होते. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, दात पडलेल्या बाईचा चेहरा म्हणजे भीती, हे समीकरण मुलांच्या मनात इतक्या लहान वयात पक्के बसते की पुढे ते कोणी शिकवल्याचे आठवतही नाही.

बॉम यांच्या बाबतीत गंमत अशी की त्यांच्या सासूबाई मटिल्डा जोस्लिन गेज या अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या पुढारी होत्या. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले की युरोपात चेटकिणी म्हणून जिवंत जाळल्या गेलेल्या स्त्रिया या प्रत्यक्षात जाणत्या, औषधपाणी जाणणाऱ्या स्त्रिया होत्या आणि धर्मसत्तेने त्यांचा काटा काढला. त्यांनी दिलेला नव्वद लाख बळींचा आकडा आज कोणी इतिहासकार मान्य करत नाही. साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपाखाली चाळीस ते साठ हजार माणसांना देहदंड झाला असावा आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक स्त्रिया होत्या, असा आजचा अंदाज आहे. गेजबाईंचा आकडा चुकला तरी ‘चेटकीण भलीही असू शकते’ ही कल्पना जावयाच्या पुस्तकात उतरली, ती त्यांच्याच घरातल्या चर्चेतून आली असे बॉम यांचे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ऑझच्या मुळाशी या छळाची जाणीव होती. चित्रपटाने त्यातून उचलली ती हिरवी, किंचाळणारी, पाणी अंगावर पडताच विरघळून जाणारी बाई.

आता या चेहऱ्याशेजारी खटल्यांचे कागद ठेवून पाहावेत. इतिहासकार कीथ थॉमस यांनी १९७१ साली इंग्लंडातल्या आरोपांचा जो नमुना दाखवला तो मला फार बोलका वाटतो. एखादी गरीब, बहुधा वयस्क बाई शेजारणीकडे थोडे दूध, ताक किंवा पीठ मागायला येते. शेजारीण नाही म्हणते. बाई पुटपुटत निघून जाते. काही दिवसांनी शेजारणीचे मूल आजारी पडते, किंवा गाय दूध देईनाशी होते, किंवा लोणी निघत नाही; आणि मग दारातून विन्मुख गेलेल्या त्या बाईचे पुटपुटणे आठवते. मागणाऱ्याला परत पाठवल्याची टोचणी मनात असतेच, तिचे रूपांतर संशयात होते आणि संशयाचे फिर्यादीत. या गोष्टीत घुबड नाही, झाडू नाही, काळे मांजर असलेच तर ते उंदीर पकडण्यासाठी आहे. यात नाट्य आहे ते सारे नाही म्हणणाऱ्या बाईच्या मनात घडते.

चित्रपटाला हे नाट्य पेलत नाही, असे माझे अनेक वर्षांच्या पाहण्यातून झालेले मत आहे. त्याला चेटकीण खरीच लागते. ती दुष्ट असो वा भली, विनोदी असो वा सूडाने पेटलेली, तिच्या अंगी शक्ती असलीच पाहिजे, नाहीतर तिकीट काढून आलेल्या माणसाला दाखवायचे काय? परिणामी तिच्या बाजूने उभे राहणारे चित्रपटसुद्धा फिर्यादीचे पहिले कलम बिनतक्रार मान्य करूनच पुढे जातात. फिर्यादी म्हणतो, हिच्यात शक्ती आहे आणि ती वाईट आहे; सहृदय दिग्दर्शक म्हणतो, हिच्यात शक्ती आहे पण ती चांगली आहे, किंवा वाईट असली तरी तिला तसे कारण आहे. कागदपत्रांतल्या बाईचे म्हणणे एवढेच असते की माझ्यात कसलीही शक्ती नाही, मी दूध मागायला गेले होते, आणि ते तिच्या काळी न्यायालयाने ऐकले नाही तसे आजही पडदा ऐकत नाही.

सेलमचेच उदाहरण घ्या. मॅसॅच्युसेट्समधल्या या वस्तीत १६९२ साली दीडशेहून अधिक लोकांना अटक झाली, चौदा स्त्रिया आणि पाच पुरुष मिळून एकोणीस जणांना फाशी देण्यात आले, आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्या शेतकऱ्याने उत्तर देण्याचे नाकारल्यामुळे त्याच्या अंगावर दगड रचत रचत त्याला मारण्यात आले. कोणालाही जाळलेले नाही, तरी सेलम म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर चिताच येते, कारण चित्रपटात ज्वाळा चांगल्या दिसतात. आरंभी पकडलेल्या तिघींपैकी सारा गुड ही दारोदार मागून पोट भरणारी बाई होती. तिच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलाही महिनोन्महिने साखळदंडांत ठेवले. तिघींपैकी दुसरी, टिटुबा, ही गुलाम स्त्री. तिने गुन्हा कबूल केला आणि ती वाचली. किंबहुना त्या खटल्यांचा विचित्र न्याय असा होता की ‘होय, मी चेटकीण आहे’ असे म्हणणाऱ्यांपैकी कोणाला फाशी झाली नाही. फासावर गेले ते खोटे बोलायला तयार नसलेले लोक.

आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ हे १९५३ चे नाटक, आणि त्यावरचा १९९६ चा चित्रपट, यांनी हा विषय जगभर पोचवला. अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने चाललेल्या शोधमोहिमेवर त्यात बोट ठेवलेले होते, आणि पुढे १९५६ साली खुद्द मिलर यांनाही अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहून इतरांची नावे सांगण्यास नकार द्यावा लागला. या नाटकाविषयी मला आदर आहे. शेजारीच शेजाऱ्याला कसा बळी देतो, जमिनीचे जुने तंटे आरोपपत्रात कसे शिरतात, हे त्यात विलक्षण ताकदीने आले आहे. तरीही एक गोष्ट मला खटकते. खऱ्या सेलममध्ये आरोप करणारी अबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची पोर होती आणि नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर हा साठीचा गृहस्थ. त्यांच्यात कसलाही संबंध असल्याचा पुरावा नाही. मिलर यांनी तिला सतरा वर्षांची केले, प्रॉक्टरला तरणाबांड केले आणि त्यांच्यात शरीरसंबंध घातला. मुलींनी टिटुबाबरोबर रानात नाच केल्याचेही खटल्यांच्या कागदांत कुठे नाही. म्हणजे चेटकीण खोटी होती हे सांगण्यासाठी लिहिलेल्या नाटकालासुद्धा सगळ्या अनर्थाच्या मुळाशी एक कामातुर तरुण मुलगी आणि रानातला एक नाच लागलाच. चेटकिणीला मागच्या दाराने घरात घेण्याचाच हा प्रकार झाला.

खुद्द सेलम गावाने काय केले हेही पाहण्यासारखे आहे. ‘बिविच्ड’ नावाची दूरचित्रवाणी मालिका १९६४ ते १९७२ या काळात अमेरिकेत अतिशय लोकप्रिय होती. तिच्यातली समँथा ही नाक किंचित हलवून जादू करणारी उपनगरातली गृहिणी, आणि नवऱ्याची तिच्याकडे मागणी एकच, की जादू सोडून तू इतर बायकांसारखा हाताने स्वयंपाक कर. १९७० साली या मालिकेच्या काही भागांचे चित्रण सेलममध्ये झाले आणि गावाला पर्यटनाची नवी वाट सापडली. आज तिथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवरची चेटकीण आहे, शाळेच्या संघांचे नावही तेच आहे, आणि २००५ साली गावाच्या मध्यभागी समँथाचा चंद्रकोरीवर बसलेला ब्राँझचा पुतळा उभा राहिला. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर १९९२ साली झालेले बळींचे स्मारक आहे. त्याच्या उंबरठ्यावरच्या दगडांत ‘मी निर्दोष आहे’ अशा अर्थाची बळींची विधाने कोरली आहेत, आणि भिंत येताच ती वाक्ये अर्ध्यावर तोडली आहेत. ज्या रचनाकारांना हे सुचले त्यांना या प्रकरणातले मर्म कळले होते. पुतळ्याशेजारी छायाचित्र काढून घेणाऱ्यांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. समँथा गोड आहे. पण फाशी गेलेल्यांपैकी एकीलाही नाक हलवता आले असते तर हे स्मारक बांधण्याची वेळच आली नसती.

या सगळ्या गर्दीत मला पुन्हा पुन्हा आठवतो तो कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘डे ऑफ रॉथ’. डेन्मार्क नाझींच्या ताब्यात असताना, १९४३ साली, तो प्रदर्शित झाला आणि त्यानंतर ड्रायर काही काळासाठी स्वीडनला निघून गेले. कथेच्या मुळाशी एक खरी घटना आहे: नॉर्वेतल्या बर्गन शहरात १५९० साली आन्ने पेडर्सडॉटर नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या विधवेला चेटकीण ठरवून जाळण्यात आले होते. चित्रपटात सतराव्या शतकातले एक धर्मोपदेशकाचे घर आहे. म्हाताऱ्या धर्मगुरूची तरुण दुसरी बायको आन्ने, तिचा दुस्वास करणारी सासू, आणि पहिल्या बायकोचा परदेशातून परतलेला तरुण मुलगा. या घरात हेर्लोफ्स मार्ते नावाची एक म्हातारी जीव वाचवायला धावत येते. तिच्या हातून कोणती जादू होत नाही. ती धापा टाकते, माळ्यावर लपते, सापडते, आणि चौकशीत तिचे उघडे, सुरकुतलेले, थकलेले शरीर दिसते, तेव्हा ‘स्नो व्हाइट’मध्ये भीती दाखवण्यासाठी वापरलेले तेच म्हातारपण इथे साधे म्हातारपण म्हणून आपल्यासमोर बसलेले असते. तिला मरणाची भीती वाटते. स्वर्ग-नरकाची मला पर्वा नाही, मला फक्त मरायचे भय आहे, अशा आशयाचे ती धर्मगुरूला सांगते. शेवटी तिला शिडीला बांधून शिडीसकट आगीत आडवी टाकतात, आणि बाजूला लहान मुलांचा गायकवर्ग भजन म्हणत उभा असतो.

ड्रायर यांचे खरे धाडस याच्या पुढे आहे. आपल्या आईवरही हाच आरोप होता आणि आपल्याशी लग्न करता यावे म्हणून नवऱ्याने तिला वाचवले, हे आन्नेला कळते. मग तिला वाटू लागते की आईची शक्ती आपल्यातही असेल. ती सावत्र मुलाचे नाव मनात धरते आणि तो येतो. नवरा मेला असता तर बरे, असे ती त्याला तोंडावर बोलून दाखवते आणि तो कोसळतो. प्रेक्षकाला प्रत्येक घटनेचे साधे कारण दिसत राहते, म्हातारा थकलेला आहे, वादळातून चालत आलेला आहे, आणि तरीही आन्नेचा स्वतःवरचा संशय आपल्यातही थोडा उतरतो. शेवटी शवपेटीपाशी सासू आरोप करते, प्रियकर पाठ फिरवतो, आणि आन्ने कबुली देते. सगळे गाव एखाद्या बाईला पुरेसा काळ काही सांगत राहिले की तिलाही ते खरे वाटू लागते, ही गोष्ट इतक्या थंडपणे सांगणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही. त्याआधी, १९२२ साली, बेंजामिन क्रिस्टेन्सेन यांच्या ‘हेक्सान’ या मूकपटात छळ झालेली एक म्हातारी विणकरीण कबुलीजबाब देताना, जिच्या घरच्यांनी आपल्याला पकडून दिले त्याच घरातल्या बायकांची नावे घेते. आरोपाची साखळी कशी लांबते हे त्या एका प्रसंगात दिसते. पण क्रिस्टेन्सेन यांना सैतान दाखवण्याची भारी हौस, आणि ती भूमिका त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती.

अलीकडच्या काळात रॉबर्ट एगर्स यांच्या ‘द विच’चे फार कौतुक झाले. सतराव्या शतकातले न्यू इंग्लंड, त्या काळच्या रोजनिश्यांतून आणि न्यायालयीन कागदांतून उचललेली भाषा, उपासमारीने एकमेकांवर उलटणारे एक कुटुंब: पहिला तास मी श्वास रोखून पाहिला. मात्र रानात खरीच चेटकीण आहे आणि तिने तान्हे मूल खरेच पळवून मारले आहे, हे दिग्दर्शकाने सुरुवातीलाच दाखवून टाकलेले असते. मग त्या भाबड्या, क्रूर माणसांची भीती चुकीची कशी म्हणायची? कागदपत्रांशी इतके इमान राखणाऱ्या माणसाने फिर्यादीच्या बाजूचा कागद तेवढा अक्षरशः खरा मानावा, याचे मला नवल वाटते. ‘विकेड’ची वाट वेगळी आहे. ग्रेगरी मॅग्वायर यांच्या १९९५ च्या कादंबरीने ऑझच्या हिरव्या चेटकिणीला एल्फाबा हे नाव दिले, ते बॉम यांच्या आद्याक्षरांवरून. पुढे २००३ चे ब्रॉडवे संगीतक आणि २०२४ चा चित्रपट आला. टेक्निकलरच्या हौसेतून आलेला हिरवा रंग इथे वर्णभेदाचे दुःख झाला आहे आणि ते काम चतुराईने झाले आहे. मात्र एल्फाबा उडते, आणि सगळ्यांच्या लक्षात राहते ते तिचे उडणे.

आपल्याकडे मराठी मुलांना चेटकीण बहुधा प्रथम भेटते ती रंगभूमीवर. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी गाजवली आणि २०१८ च्या पुनरुज्जीवित प्रयोगात वैभव मांगले यांनी. भाचीला घेऊन मी तो नवा प्रयोग पाहिला तेव्हा प्रेक्षागृहातली निम्मी मुले किंचाळत होती आणि उरलेली चेटकिणीला उलट उत्तरे देत होती. पुरुष नटाने घातलेले लुगडे, ठसक्यातले बोलणे, फजिती झाल्यावरची चिडचिड, यांमुळे हे सोंग आहे हे मुलांना आपोआप कळते. हॅमिल्टनबाईंना जे नंतर वेगळ्या कार्यक्रमात जाऊन समजावावे लागले ते इथे रंगमंचावरच उरकते. भाचीने घरी आल्यावर विचारले ते एवढेच, की चेटकिणीच्या घरी आणखी कोणी नसते का. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता आले नाही, पण तो प्रश्न योग्य जागी लागला होता.

हिंदीत विशाल भारद्वाज यांचा ‘मकडी’ (२००२) हा मला सर्वांत शहाणा वाटतो. पडक्या हवेलीत शिरणाऱ्याला जनावर करून टाकणारी शबाना आझमींची चेटकीण अखेरीस लबाड ठरते. तिला हवा असतो पुरलेला खजिना, आणि गावाची भीती हे तिचे कुंपण असते. भीतीचा कोणाला आर्थिक फायदा होतो, हा प्रश्न लहान मुलांच्या चित्रपटाने विचारला आणि मोठ्यांच्या चित्रपटांनी पुढे तो सोडून दिला. त्याच भारद्वाजांची एक निर्मिती असलेल्या ‘एक थी डायन’मध्ये (२०१३) वडिलांच्या आयुष्यात आलेल्या नव्या बाईविषयी मुलाला संशय येतो आणि तो खरा ठरतो, तिचे बळ वेणीत असते. मालिकांनी ती वेणी आणि ते उलटे पाय उचलून वर्षानुवर्षे घरोघर पोचवले, त्यांविषयी अधिक लिहावे असे त्यांत काही नाही. अन्विता दत्त यांचा ‘बुलबुल’ (२०२०) दिसायला देखणा आहे आणि त्याची चीड खरी आहे. जमीनदाराच्या घरात बालवधू म्हणून आलेल्या मुलीचे पाय नवरा ठेचतो, दीर तिच्यावर अत्याचार करतो, आणि मग त्या पायांची चुडैल पुरुषांचा समाचार घेते. पाहताना बरे वाटते. नंतर मात्र मनात येते की या बाईला न्याय मिळवायचा तर आधी मरावे लागले, आणि जिवंत असताना तिच्यासाठी काही करू शकले असते असे जे लोक त्या हवेलीत होते त्यांचा हिशेब चित्रपटाने केलाच नाही.

हा हिशेब आपल्या देशात अजून चालू आहे, म्हणून मी या विषयाकडे केवळ रसिक म्हणून पाहू शकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात खुनाच्या कारणांमध्ये जादूटोणा ही आजही स्वतंत्र नोंद असते. २०२१ साली पद्मश्री मिळालेल्यांत झारखंडच्या छुटनी महातो आणि आसामच्या बिरूबाला राभा होत्या. छुटनीबाईंना गावाने स्वतः डायन ठरवून हाकलले होते, आणि पुढे त्यांनी तशाच हाकललेल्या बायकांना आधार दिला. बिरूबालांनीही आयुष्य याच कामात घालवले. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवण्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते झटत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची मी प्रथम वाचली तेव्हा एका ओळीवर थबकलो. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे हा तिथे गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. इंग्लंडातल्या शेजारणीची गाय आणि सातपुड्यातली गाय एकाच आरोपाला बांधलेल्या निघाव्यात, याचे कारण मला तरी सोपे वाटते. ज्या घरात दूध हीच पुंजी असते तिथे ते आटल्यावर कोणाला तरी जबाबदार धरायचे असते, आणि जिच्या पाठीशी कोणी नाही अशी बाई, बऱ्याचदा नावावर जमिनीचा तुकडा असलेली विधवा, सर्वांत जवळ सापडते. या कायद्याची मला आवडलेली गोष्ट अशी की चेटूक असते की नसते या वादात तो शिरत नाही. तो बोट दाखवणाऱ्याला पकडतो. आपल्या पटकथाकारांना हे एवढे जमले तर पुष्कळ झाले. बोट दाखवण्याचे पैसे घेणारा भगत, त्याच्याकडे तिन्हीसांजेला जाणारा पुतण्या, पंचायतीत गप्प बसलेले शिकलेले लोक, यांतला प्रत्येक जण प्रमुख भूमिका व्हावी इतका दमदार आहे. १६४५ ते १६४७ या काळात पूर्व इंग्लंडात चेटकिणी शोधत हिंडणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सलाही गावे या कामाची फी मोजत असत.

असा एक चित्रपट झाला आहे, आणि तो झांबियातून आला. रुंगानो न्योनी यांचा २०१७ चा ‘आय ॲम नॉट अ विच’. त्यासाठी न्योनी घानामधल्या, चेटकीण ठरवलेल्या बायकांच्या एका छावणीत जाऊन राहिल्या होत्या. चित्रपटात एका आठ-नऊ वर्षांच्या अनाथ मुलीवर आरोप होतो, सरकारी अधिकारी तिला ताब्यात घेतो, आणि इतर म्हाताऱ्यांप्रमाणे तिलाही मोठ्या रिळावर गुंडाळलेल्या पांढऱ्या फितीने बांधून ठेवतात, म्हणे ती उडून जाऊ नये म्हणून. पर्यटक येऊन या बायकांची छायाचित्रे काढतात. चित्रपट चक्क विनोदी आहे आणि हसू आल्याची लाज वाटायला लावतो. पोलीस ठाण्यात एक माणूस साक्ष देतो की या मुलीने कुऱ्हाडीने माझा हात तोडला. हात तर जागेवर दिसतो आहे, असे लक्षात आणून दिल्यावर तो सांगतो की ते स्वप्नात घडले. तक्रार तरीही पुढे जाते.

हा प्रसंग अतिशयोक्त वाटला तर सेलमचे दफ्तर पुन्हा उघडावे. तिथल्या पहिल्या न्यायालयाने नेमका हाच पुरावा ग्राह्य धरला होता: आरोपी घरी झोपलेली असली तरी तिची छाया येऊन माझा गळा दाबत होती, असे कोणी शपथेवर सांगितले की ते ऐकले जाई. आरोप प्रतिष्ठितांच्या घरांपर्यंत पोचू लागले तेव्हा, ऑक्टोबर १६९२ मध्ये, गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी ते न्यायालय मोडले. जानेवारीत बसलेल्या नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा नाकारला आणि बहुतेक सगळे आरोपी निर्दोष सुटले. ज्या तिघांना दोषी ठरवले त्यांची फाशीही फिप्स यांनी थांबवली. पहिल्या न्यायालयावर नाटके, चित्रपट, मालिका कितीतरी निघाल्या. दुसऱ्यावर, जिथे चेटकीण उरली नाही आणि केवळ पुराव्याचा नियम बदलला, तिथल्या कामकाजावर एखादा चित्रपट निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.